वरचा जबडा, मग डावीकडे

मोबाइलचा डेटा कसा वाचवावा हे या जगात फक्त मला कळतं! बाकीचे लोक डेटा वापरतात. मी तो जपतो.

आता हसू नका. आमच्या घरी पूर्वी महिन्याचा डेटा पंधरवड्यातच गाशा गुंडाळायचा. मी सूत्रं हातात घेतल्यापासून तो महिनाअखेरीस उरतो! युक्ती अगदी साधी आहे. कुणी काही पाठवलं तर उघडायचंच नाही. माझा चुलतभाऊ ऊठसूट व्हिडिओ पाठवतो. मी न उघडताच लिहून टाकतो, "वा! अगदी तुझ्यावर गेलाय!" त्याला नातू झाल्यापासून हे उत्तर सहसा वाया जात नाही. एकदा तो व्हिडिओ त्याच्या नव्या वॉशिंग मशीनचा निघाला. पण भाऊ समंजस आहे, चार दिवस बोलला नाही इतकंच.

"तुम्ही ना," बायको म्हणते, "श्वाससुद्धा फुकटचं वाय-फाय असेल तिथंच घ्याल!"

मी लक्ष देत नाही. थोर माणसांना घरात किंमत नसतेच.

तर गोष्ट मामांच्या नाटकाची. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. बायको लहानाची मोठी झाली ती त्यांच्याच घरी, त्यामुळे आमच्याकडे मामांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. हे मामा एका हौशी नाटकमंडळीत प्रॉम्प्टर आहेत. उभी हयात विंगेत उभं राहून दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजण्यात गेली. किती राजे, किती खलनायक, किती प्रेमवीर त्यांच्या कुजबुजीवर जगले! स्वतः मामा मात्र एकदाही उजेडात आले नाहीत.

आणि यंदा नशीब फळफळलं! कोर्टाचं नाटक होतं आणि न्यायाधीशाचं काम करणाऱ्या गृहस्थांची ऐनवेळी परगावी बदली झाली. काम मामांना मिळालं! अख्खा तिसरा अंक खुर्चीत गंभीर चेहऱ्याने बसायचं आणि शेवटी हातोडा आपटून एकच वाक्य म्हणायचं, "उशीर झाला, पण न्याय झाला!" की पडदा!

एकच वाक्य, पण मामांनी ते असं घोकलं की विचारू नका. दूधवाला उशिरा आला तर त्याला ऐकवलं. बँकेत टोकन नंबर आल्यावर उभं राहून म्हटलं. मामी तर म्हणाल्या, झोपेत यांना मेजाऐवजी माझं डोकं सापडलं तर काय करू?

नेहमीच्या नाट्यगृहाचं छप्पर दुरुस्तीला काढलेलं, म्हणून प्रयोग गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, नव्या वस्तीतल्या नव्या नाट्यगृहात ठरला. तिकडे आमच्यापैकी कुणीच कधी गेलं नव्हतं.

"रस्ता मी बघतो!" मी छातीवर हात मारून सांगितलं. "असं अ‍ॅप शोधतो की डेटाचा एक कणही लागणार नाही!"

आणि शोधलं! सोपं काम नव्हतं ते. पहिलं अ‍ॅप रस्ता दाखवता दाखवता वाटेतल्या प्रत्येक हॉटेलचे फोटो दाखवायला लागलं. मला पोहोचायचंय, जेवायचं नाही! काढून टाकलं. दुसरं आकाशातून दिसणारी गच्ची न् गच्ची दाखवायचं. लोकांचे वाळत घातलेले कपडे बघण्यात माझा डेटा का म्हणून जावा? तेही काढलं. तिसरं दर वळणानंतर विचारायचं, हे वळण तुम्हाला कसं वाटलं?

चौथं मात्र हिरा निघालं. इवलंसं! गावाचा नकाशा एकदाच उतरवून घ्यायचा, की नंतर डेटा बंद! नकाशा मी आमच्या लॅबच्या वाय-फायवर उतरवला. अडचण एकच, ते मुकं होतं. बोलणारी बाई हवी असेल तर ती वेगळी उतरवावी लागे, आणि तिचं वजन नकाशाच्या तिप्पट! त्याऐवजी एक सोय होती: आपल्याच माणसाचा आवाज भरा. पडद्यावर एकेक चित्र येणार, ते बघून आपण बोलायचं. फुकट!

इथे मला माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं. मी दातांच्या लॅबमध्ये काम करतो. दवाखान्यांतून तोंडाची मापं येतात, आम्ही त्यावरून दात आणि कवळ्या बनवून पाठवतो. लॅबमध्ये मी आणि ताई. ताई माझ्या सख्ख्या बहीण नव्हेत, पण धाक सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त. त्यांचं सारं आयुष्य लोकांच्या जबड्यांकडे समोरून बघण्यात गेलं आहे. आवाज असा खणखणीत की घासायचं मशीन चालू असतानाही पलीकडच्या खोलीत स्पष्ट ऐकू येतो. म्हटलं, हाच आवाज पाहिजे!

"ताई, एवढं बोलून द्या," मी फोन त्यांच्यापुढे ठेवला. माझ्या हातात नुकतंच कालवलेलं प्लास्टर होतं, आणि प्लास्टर कुणासाठी थांबत नाही.

"काय बोलू?"

"चित्र दिसेल तसं बोला!"

"हा बाण वाकडा आहे."

"बाण असेल तर बाजू सांगा, डावीकडे का उजवीकडे."

"आणि ही कमान कसली?"

"अहो ताई, दिसेल ते बोला! माझं प्लास्टर घट्ट होतंय!"

मशीन घरघरत होतं, मी साचा भरत होतो, पलीकडे ताई खणखणत होत्या. शेवटी त्यांनी ओरडून विचारलं, "हा झेंडा आलाय, त्याचं काय?"

"झेंडा म्हणजे संपलं, ताई! काम झालं!"

"बरं, मग तसं बोलते."

ताईंच्या कामात मी कधी चूक बघितली नाही. त्यामुळे ऐकून बघायची गरजच वाटली नाही.

प्रयोगाचा दिवस उजाडला. प्रयोग दुपारचा. मन शांत व्हावं म्हणून मामांनी सकाळी एक कडक बिस्कीट खाल्लं, आणि वरच्या कवळीचे दोन तुकडे झाले!

बायको ते तुकडे रुमालात बांधून स्कूटरवरून थेट लॅबमध्ये आली. चेहरा पडलेला.

"मामा पुढे गेलेत मंडळींबरोबर," ती म्हणाली. "कवळीशिवाय त्यांच्या तोंडातून नुसतं फ फ फ येतंय हो! इतक्या वर्षांनी एक वाक्य मिळालं त्यांना. ते नाही म्हणता आलं तर माणूस पुन्हा उभा राहायचा नाही."

तिचे डोळे भरून आले. मी रुमाल सोडला. म्हटलं, "रडू नकोस. मी दात जोडणारा माणूस आहे!"

आणि जोडली! मेणाने तुकडे बसवले, खाली प्लास्टरचा आधार दिला, चिरेत गुलाबी मसाला भरला, घट्ट केला, घासली, चमकवली. ताईंनी नखाने सांधा तपासला आणि मान हलवली. त्यांची मान हलली म्हणजे प्रमाणपत्रच. कवळी कोरडी पडू नये म्हणून पारदर्शक डबीत पाणी घातलं, पाण्यात कवळी घातली. डबीचं झाकण जरा सैल होतं, म्हणून ती दोन्ही हातांनी सरळ धरायची.

तेव्हा व्यवस्था अशी: स्कूटर बायकोकडे, डबी माझ्या दोन हातांत आणि फोन माझ्या शर्टाच्या खिशात. बायकोचा फोन गडबडीत घरीच राहिला होता.

"मला रस्ता माहीत नाही," ती म्हणाली.

"तुला माहीत असायची गरज नाही. फक्त ऐकत जा!"

लॅबच्या फाटकाबाहेर पडलो आणि माझ्या छातीतून ताई खणखणल्या, "डावीकडे!"

बायको डावीकडे वळली.

"वरचा जबडा!"

"अं?" बायकोने स्कूटर हळू केली. "काय म्हणाल्या?"

"वरचा जबडा."

"म्हणजे काय?"

"अगं, कवळी वरच्या जबड्याची आहे ना? आठवण करून देताहेत! ताई म्हणजे काळजी फार."

थोडं पुढे गेलो. "वरचा जबडा! वरचा जबडा!"

"इतकी काळजी?" बायको म्हणाली.

मग "सुळा! सरळ सुळा!" असं झालं. मग पुन्हा डावीकडे. पुन्हा वरचा जबडा. एका कोपऱ्यावर दुकानाच्या दारात मशीन मांडून एक टेलर बसले होते. आम्ही समोरून गेलो. त्यांनी सहज बघितलं. जरा वेळाने आम्ही उलट्या बाजूने आलो. त्यांनी मशीन थांबवलं. तिसऱ्यांदा दिसलो तेव्हा ते गळ्यातली टेप काढून उभे राहिले.

"इतक्यांदा येताय तर माप देऊनच जा!" ते म्हणाले.

"भाऊ, नाट्यगृह कुठे आहे हो?" बायकोने विचारलंच. मला हे आवडलं नाही. विचारायचं तर मग अ‍ॅप कशाला?

"नाट्यगृह? ते काय, मागच्या रस्त्याला. पण कसलं नाटक बघताय, छप्परच नाही त्याला!"

"ते जुनं. नवं कुठं?"

"नवं झालंय?" टेलर भाऊ खूश झाले. "अरे वा! कुठं झालं?"

बायकोने माझ्याकडे वळून बघितलं. ते बघणं मी लग्नानंतर दोनदाच पाहिलंय. "डेटा चालू करा," ती म्हणाली.

"आणीबाणी आली तर करीनच ना."

"मग हे काय आहे?"

मी डबी तिच्या हातात दिली आणि काळजावर दगड ठेवून डेटा चालू केला. झालं! धरण फुटावं तसे चुलतभावाचे साठलेले व्हिडिओ धडाधड उतरायला लागले. नातू, वॉशिंग मशीन, नातू वॉशिंग मशीनजवळ! माझा महिना माझ्या डोळ्यांदेखत वाहून चालला! मी घाबरून बटण दाबून टाकलं.

"दिसला रस्ता?" बायकोने विचारलं.

"रस्त्याचा नंबरच लागला नाही," मी म्हणालो.

तेवढ्यात मामांचा फोन आला; मी तो स्पीकरवर टाकला. "फफफ फफ फफफ?"

"निघालोय मामा! पोहोचतोच!" मी ओरडलो.

"फफफ फ फफ!"

"काय म्हणाले?" मी बायकोला विचारलं.

"दुसरा अंक सुरू झाला म्हणाले," ती म्हणाली. तिला मामांचं सगळं कळतं.

डबी पुन्हा माझ्या हातांत आली आणि स्कूटर सुसाट निघाली. एका सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाई माझ्याकडे बघून जरा हसल्या. मीही हसलो. मग त्यांची नजर माझ्या हातांकडे गेली. डबीतली कवळी माझ्यापेक्षा मोकळेपणाने हसत होती! बाईंनी काच वर केली ती सिग्नल सुटेपर्यंत खाली आली नाही.

पुढे मोठा चौक, मधोमध गोल बाग. ताई म्हणाल्या, "दाढ किडलीय! कडेकडेने जा!"

बायको बागेच्या कडेकडेने निघाली. एक फेरी झाली. ताई गप्प. दुसरी फेरी झाली. हे अ‍ॅप इवलंसं, त्यामुळे त्याला विचार करायला वेळ लागे. तिसऱ्या फेरीला मात्र चौकातल्या वाहतूक पोलिसाने शिट्टी मारून आम्हाला बाजूला घेतलं.

"काय हो, चौक काय पाळणा आहे? लायसन दाखवा!"

बायको पर्समध्ये हात घालणार एवढ्यात माझ्या छातीतून आरोळी आली, "वरचा जबडा!"

पोलीस दचकले. त्यांचा हात आपोआप स्वतःच्या गालावर गेला. त्यांनी माझ्या छातीकडे बघितलं, मग डबीकडे बघितलं. आवाज एकदम मऊ झाला.

"डॉक्टर आहात होय दातांचे?"

"डॉक्टर नाही, पण—"

"नाही म्हणजे, वरचीच दुखतेय ना! कुणाला बोललोही नाही मी." ते खाली वाकले आणि भर चौकात त्यांनी आ वासला. "ही बघा. उजवी दाढ."

सवयीने मी त्यांच्या तोंडात डोकावलो. उजवी दाढ म्हणजे अर्थातच पेशंटची उजवी. तो माझ्यासमोर उभा, म्हणजे ती माझ्या डाव्या हाताला. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा आहे: बाजू नेहमी पेशंटची मोजायची, आपली नाही! उजवी दाढ, माझ्या डाव्या...

"अगं!" मी किंचाळलो. "फोन काढ! ताईंना लाव!"

बायकोने माझ्या खिशातून फोन काढला, लावला आणि माझ्या कानाला धरला. साध्या फोनला डेटा लागत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

"ताई! ते बाण बघून तुम्ही डावीकडे म्हणालात, ती कुणाची डावी?"

"हा काय प्रश्न झाला?" ताई खणखणल्या. "पेशंटची!"

"अहो पण रस्त्यावर पेशंट कुठाय?"

"असेल की समोर कुणीतरी! जगात आणखी कुणाची डावी असते? इतकी वर्षं काय शिकवलं तुला?"

"आणि वरचा जबडा?"

"कमान होती ना ती? कमान म्हणजे वरचा जबडाच. अगदी छान काढला होता हो चित्रात! फक्त दात दाखवले नव्हते."

म्हणजे जिथून मागे वळायचं तिथे वरचा जबडा! आणि आम्ही दर वळणाला नेमके उलटे जात होतो, अ‍ॅप बिचारं दर वेळी मागे वळा म्हणून टाहो फोडत होतं! पोलीसदादा अजून आ वासून उभे होते. मी त्यांना म्हटलं, "दवाखान्यात जा, लवकर जा, आणि आम्हाला सोडा. एका माणसाचे दात पोहोचवायचेत!" दातदुखीचा माणूस तो, दातांचं महत्त्व त्याला कुणी सांगायला नको. त्याने हात आडवा घालून सगळी वाहनं थांबवली आणि आम्हाला वाट करून दिली!

"ऐक," मी बायकोला म्हणालो, "ताई डावीकडे म्हणाल्या की उजवीकडे. उजवीकडे म्हणाल्या की डावीकडे!"

"म्हणजे मी ऐकायचं कुणाचं? ताईंचं का तुमचं?"

"माझं!"

"बरं. एकदा करून बघू," ती म्हणाली.

आणि काय सांगू, रस्ते लोण्यासारखे सुटत गेले! ताई डावीकडे म्हणत, मी "उजवीकडे!" ओरडे, बायको वळे. ताई म्हणाल्या, "मुळं दोन झाली, उजवं धरा," रस्त्याला फाटा आला, आम्ही डावा धरला! पाच-सात वळणांत माझं डोकं असं तयार झालं की उजवं ऐकताच डावं दिसायला लागलं. सवय म्हणजे सवय!

नाट्यगृह दिसलं. बायको स्कूटर लावते न लावते तोच मी डबी घेऊन मागच्या दाराने आत शिरलो. अ‍ॅपला अजून पत्ताच नव्हता की आपण पोहोचलो. आत मिट्ट काळोख. दिग्दर्शक नखं खात उभे होते.

"आलात!" त्यांनी माझा दंड धरला. "शेवटचा प्रसंग चाललाय! मामा स्टेजवर आहेत, तोंड घट्ट मिटून. त्यांची खुर्ची डाव्या विंगेला लागूनच आहे. डाव्या विंगेत जा, नुसता हात बाहेर काढा आणि डबी द्या. डाव्या! समजलं?"

"समजलं!" मी म्हणालो.

नाट्यगृहात उभं राहून मी क्षणभर विचार केला. डावी. पण कुणाची डावी? मी आता कच्च्या गुरूचा चेला नव्हतो. तासभर ज्याने शिकवलं तो अनुभव वाया जाऊ द्यायचा? डावी म्हणजे उजवी!

मी उजवीकडे गेलो. तिथे विंग नव्हती, एक दार होतं. मी ते ढकललं.

डोळ्यांवर असा उजेड आला की काही दिसेना. मग हळूहळू दिसायला लागलं. एक पिंजरा, पिंजऱ्यात आरोपी. काळ्या कोटातला एक वकील, बोलता बोलता थिजलेला. पार पलीकडच्या टोकाला उंच खुर्चीत मामा, तोंड मिटलेलं, डोळे बाहेर. आणि उरलेल्या बाजूला काळोख, त्यात खच्चून भरलेली माणसं!

मी साक्षीदाराच्या दारातून भर कोर्टात उभा होतो. शर्टावर प्लास्टर, दोन्ही हातांत डबी, डबीत कवळी.

आरोपीला आता मध्येच सुटायचं का फाशी जायचं ते कळेना. मला तर काहीच कळेना. पण मनात एकच होतं: मामांचं वाक्य! मी तसाच चालत निघालो. स्टेज इतकं लांब असतं हे प्रेक्षकांत बसून कळत नाही. मामांच्या मेजावर डबी ठेवली आणि घशातून जे निघालं ते बोललो, "पुरावा!"

आणि नेमक्या त्याच क्षणी माझ्या छातीतल्या अ‍ॅपला झेंडा सापडला.

"झालं!" ताई सभागृहभर खणखणल्या. "आता चूळ भरा!"

काळोखातून जो हशा उसळला! मला वाटलं, हेही छप्पर आता दुरुस्तीला जाणार. वकील तोंडावर फाइल धरून हसला. पिंजऱ्यातल्या आरोपीने गज धरले. मी गोरामोरा होऊन मामांकडे बघितलं. म्हटलं, गेलं! माणसाचं आयुष्यभराचं स्वप्न आपण पाण्यात घातलं, तेही झाकण सैल ठेवून!

पण मामा कोण? दुसऱ्यांच्या चुका सावरण्यात ज्यांची हयात गेली ते! त्यांनी शांतपणे मेजावरचा पाण्याचा पेला उचलला. डबी उचलली. खुर्ची फिरवून प्रेक्षकांकडे पाठ केली. मागून फक्त मान दिसत होती. चूळ भरल्याचा आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत गेला. खुर्ची परत फिरली तेव्हा मामा हसत होते. पूर्ण, वरच्या ओळीसकट!

"साक्षीदार," ते म्हणाले. काय स्वच्छ आवाज! सांधा मी जोडलेला, छाती भरून आली माझी. "न्यायालय तुमचं आभारी आहे. आता उजवीकडून बाहेर जा."

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? दिवसभर माझं काय झालं होतं हे तुम्ही बघितलंच आहे. पुन्हा चूक होऊ नये म्हणून मी अगदी अदबीने विचारलं,

"कुणाच्या उजवीकडून?"

झालं! लोक खुर्च्यांतून खाली आले. विंगेतून बायकोचा हात आला, तिने माझी कॉलर धरली आणि मला बाहेर ओढलं. कुठल्या बाजूची विंग ते मी अजून सांगू शकत नाही.

मामा थांबले. हशा पूर्ण विरेपर्यंत थांबले. सभागृहात टाचणी पडली तर ऐकू येईल इतकी शांतता झाली, तेव्हा त्यांनी हातोडा उचलला, आपटला, आणि समोर बघून म्हणाले,

"उशीर झाला, पण न्याय झाला!"

एकेक अक्षर मोत्यासारखं! पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात. माझ्या शेजारी बायको रडत होती आणि हसत होती, दोन्ही एकदम. मीही डोळे पुसले. मामा विंगेत आले आणि त्यांनी मला मिठी मारली. मी म्हणालो, "मामा, चुकलो, क्षमा करा." ते म्हणाले, "छे! पुढच्या प्रयोगालाही असाच चुका!"

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण मंडळींपैकी कुणीतरी तो अख्खा प्रसंग फोनवर टिपला होता. दुसऱ्या दिवशी तो बायकोपर्यंत पोहोचला. तिने माझा फोन मागितला. आनंदात होतो, दिला! तिने त्यावर तो प्रसंग पहिल्यांदा मामींना दाखवला, मग शेजाऱ्यांना दाखवला, मग दोन्हीकडच्या झाडून सगळ्या नातेवाइकांना माझ्याच फोनवरून पाठवला. मी अंघोळ करून बाहेर आलो तोवर माझा महिन्याचा डेटा शेवटच्या घटका मोजत होता.

मी फोन हातात घेतला. उत्तर फक्त एकाचं आलं होतं, चुलतभावाचं. व्हिडिओ पोहोचताक्षणी आलं होतं, तो उघडायलाही वेळ मिळाला नसता इतक्या लगेच.

"वा!" त्याने लिहिलं होतं. "अगदी तुझ्यावर गेलाय!"